डोंगर एक, गोष्टी चार
इतिहासाच्या तासाला भूगोलाचा नकाशा का उघडायचा?

मुलांनो, परीक्षेत हमखास येतात असे दोन प्रश्न पाहा.

इतिहासाच्या पेपरात : कारतलबखानाचा पराभव कोठे झाला?

भूगोलाच्या पेपरात : सह्याद्रीतील कोणत्याही दोन घाटांची नावे लिहा.

पहिल्याचं उत्तर तुम्ही लिहिता, ‘उंबरखिंडीत’. दुसऱ्याचं लिहिता, ‘बोरघाट आणि थळघाट’. गुण मिळतात. आई शाबासकी देते. पण उंबरखिंड आणि बोरघाट एकमेकांपासून फार तर एका सकाळच्या पायपिटीवर आहेत, हे किती जणांना ठाऊक आहे? एकाच डोंगराबद्दलचे दोन प्रश्न आपण दोन वह्यांत लिहितो, दोन वेगवेगळ्या दिवशी पाठ करतो आणि परीक्षा झाली की दोन्ही विसरतो!

इतिहास विचारतो, ‘केव्हा?’ भूगोल विचारतो, ‘कुठे?’ या दोघांना एका बाकावर शेजारी बसवलं, की तिसरा प्रश्न आपोआप उभा राहतो. तो म्हणजे ‘का?’ आणि खरी गंमत या ‘का’मध्येच आहे, बरं का! ‘का’ कळला की ‘केव्हा’ आणि ‘कुठे’ घोकावे लागत नाहीत. ते डोक्यात राहतात.

माझ्या वर्गात आम्ही इतिहासाचं पुस्तक उघडलं की शेजारी नकाशाही उघडून ठेवतो. आज तुम्हीही तसंच करा. महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या. जुन्नरपासून खाली लोणावळ्यापर्यंत आणि तिथून मुळशीपर्यंत सह्याद्रीवरून बोट फिरवा. जेमतेम शंभर किलोमीटरचा हा पट्टा. या एवढ्याशा पट्ट्यातल्या चार गोष्टी मी तुम्हाला सांगणार आहे.

आधी डोंगराची ओळख

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हारस बाहेर आला. तो पसरला, थंड झाला. मग पुन्हा आला, पुन्हा पसरला. असे थरावर थर साचत गेले. लाव्हा थंड होऊन जो काळा, कठीण खडक तयार झाला, त्याला बेसाल्ट म्हणतात. सह्याद्री या खडकाचा बनलेला आहे.

आता हा डोंगर दोन बाजूंनी पाहा. पुण्याकडून म्हणजे पूर्वेकडून गेलात, तर चढ हळूहळू येतो. डोंगर कधी चढलो ते कळतही नाही. कोकणातून म्हणजे पश्चिमेकडून पाहिलंत, तर समोर सरळसोट भिंत! वर देश, खाली कोकण आणि मध्ये शेकडो मीटरचे कडे. या भिंतीला जिथे जिथे थोडी खाच आहे, तिथूनच माणसं आणि गुरं चढू-उतरू शकतात. तिथेच घाट झाले.

पावसाचंही तसंच. समुद्रावरून आलेले ढग या भिंतीला अडतात आणि तिथेच रिते होतात. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्याला साधारण सातशे.

आणखी एक नवल. लोणावळ्याच्या परिसरात दोन नद्या उगम पावतात. उल्हास पश्चिमेला उतरते आणि वसईच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. इंद्रायणी पूर्वेला वळते, देहू-आळंदीवरून जाऊन भीमेला मिळते. भीमा कृष्णेला, आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला! दोन शेजारणी, पण एकीचं सासर पश्चिमेला आणि दुसरीचं पूर्वेला.

कडे, खाचा, पाऊस आणि नद्या या चार गोष्टी लक्षात ठेवा. पुढच्या गोष्टींत त्या पुन्हा पुन्हा भेटणार आहेत.

गोष्ट पहिली : नाणेघाटातला रांजण

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी महाराष्ट्रावर सातवाहनांचं राज्य होतं. त्यांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे गोदावरीकाठचं आजचं पैठण. आता नकाशात पैठण शोधा. समुद्र किती दूर आहे बघा! आणि सातवाहनांच्या काळी व्यापार तर समुद्रापलीकडच्या रोमन साम्राज्याशी चालायचा. मग माल बंदरापर्यंत जायचा कसा?

बोट पैठणहून पश्चिमेकडे न्या. वाटेत जुन्नर लागेल. जुन्नरच्या पुढे सह्याद्रीची भिंत. त्या भिंतीत एक अरुंद खाच आहे, तोच नाणेघाट. घाट उतरलं की कोकण, आणि मग कल्याण व सोपारा ही बंदरं. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा. तिथे सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत, इतकं ते जुनं गाव आहे.

नाणेघाटाच्या माथ्यावर खडकात खोदलेलं एक मोठं लेणं आहे. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत एक लांबलचक लेख कोरलेला आहे. तो सातवाहनांची राणी नागनिका हिचा आहे, असं अभ्यासक मानतात. कोणते यज्ञ केले, किती गाई, किती घोडे, किती नाणी दान दिली, याचा त्यात हिशेब आहे. हिशेब म्हटला की आकडे आलेच! भारतातल्या अंकलेखनाचे अगदी जुने नमुने या लेखात पाहायला मिळतात. म्हणजे गणिताच्या तासालाही नाणेघाट आठवायला हरकत नाही.

घाटाच्या तोंडाशी एक भला मोठा दगडी रांजण आहे. येणारे-जाणारे व्यापारी जकातीची नाणी त्यात टाकत, असं परंपरेनं सांगतात. आता विचार करा, जकात गोळा करायला हीच जागा का? कारण भिंतीतली खाच अरुंद आहे. बैलांचा तांडा इकडेतिकडे पळून जाऊच शकत नाही. मोकळ्या माळरानावर नाका उभारला, तर व्यापारी बाजूनं निघून जाईल. इथे जाणार कुठून?

या वाटेवर लक्ष ठेवायला आसपास किल्लेही उभे राहिले. जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी. होय, १९ फेब्रुवारी १६३० रोजी जिथे शिवरायांचा जन्म झाला तोच शिवनेरी! आणि जुन्नरच्या आसपासच्या डोंगरांत लेणी किती? लहानमोठी मिळून दोनशेच्या वर. लेणी खोदायला कठीण, एकसंध खडक हवा. तो सह्याद्रीनं दिला. पैसा हवा, तो व्यापाऱ्यांच्या वाटेनं आला. जुन्नरच्या लेण्यांतल्या काही लेखांत दान देणाऱ्या यवनांची, म्हणजे पश्चिमेकडच्या परदेशी लोकांची नावंसुद्धा आहेत.

लोणावळ्याजवळची कार्ले आणि भाजे ही लेणी नकाशात पाहा. तीही घाटवाटेच्या तोंडाशीच आहेत. योगायोग म्हणायचा का हा? तुम्हीच ठरवा.

गोष्ट दुसरी : उंबरखिंडीची कोंडी

आता सोळा-सतरा शतकं पुढे येऊ. साल १६६१. शायिस्ताखान पुण्यात तळ ठोकून बसला आहे. त्यानं कारतलबखानाला कोकण जिंकायला पाठवलं. सोबत रायबागन नावाची शूर सरदारीण होती. खान लोणावळ्याच्या बाजूनं निघाला आणि कुरवंड्याच्या घाटानं खाली उतरू लागला.

इथे पुस्तक क्षणभर मिटा आणि त्या फौजेबरोबर चाला. मोठी फौज आहे. घोडे आहेत, ओझ्याची जनावरं आहेत, तंबू आहेत. मैदानात ही फौज पसरून चालते. घाटात काय होईल? एकामागे एक! फौजेची लांबच लांब रांग होईल. पुढचा खाली पोचला तरी मागचा अजून वरच. पुढे काय चाललंय ते मागच्याला कळत नाही. घोड्याला दौड करायला जागा नाही. दोन्ही बाजूंना गच्च रान. वारा नाही. जीव तहानेनं कासावीस.

शिवरायांनी नेमकी हीच जागा निवडली. त्यांचे मावळे रानात दबा धरून बसले होते. फेब्रुवारी १६६१ मध्ये खानाची फौज उंबरखिंडीत शिरली आणि पुढची वाट बंद झाली. मागची वाटही बंद झाली. झाडाझाडांतून बाण आणि गोळ्या येऊ लागल्या. मारणारा दिसेना! शेवटी रायबागननं खानाला शरण जाण्याचा सल्ला दिला. खानानं खंडणी कबूल केली, आणि शिवरायांनी त्याला जाऊ दिलं.

वर्गात ही गोष्ट सांगितली की एक प्रश्न हटकून येतो, “बाई, म्हणजे लढाई डोंगरानंच जिंकली ना?”

छान प्रश्न आहे. पण थोडं थांबा. खिंड तर दोघांनाही तीच होती. झाडं तीच, ऊनही तेच. डोंगर कुणाच्याच बाजूनं लढत नव्हता. फरक एवढाच, की एकाला तो डोंगर वाटेतली अडचण वाटला आणि दुसऱ्याला त्याची वाट न् वाट ठाऊक होती. भूगोल संधी देतो, मुलांनो. ती ओळखायला माणूसच लागतो. म्हणून नुसता भूगोल शिकून उंबरखिंड समजत नाही, आणि नुसता इतिहास पाठ करूनही समजत नाही.

गोष्ट तिसरी : आगगाडी घाट चढते

आता आणखी दोनशे वर्षं पुढे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी ३४ किलोमीटरची पहिली आगगाडी धावली. हे तुम्हाला पाठ असेलच. पण पुढे काय झालं?

रूळ कोकणाच्या सपाटीवरून झपाट्यानं पुढे गेले. १८५६ मध्ये ते खोपोलीला पोचले. तिकडे वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. आणि मध्ये? मध्ये आपली तीच भिंत! त्या काळी मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी खाली आगगाडीतून उतरायचा, पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढायचा आणि वर गेल्यावर दुसऱ्या गाडीत बसायचा. आहे की नाही मजा?

भिंत फोडायला सात वर्षं लागली. सुमारे २५ किलोमीटरच्या वाटेत साडेपाचशे मीटरहून जास्त उंची चढायची होती. बोगदे खणले, दऱ्यांवर पूल बांधले. हजारो मजूर राबले. अपघातात आणि पटकीसारख्या साथींत कितीतरी जण दगावले. त्यांची नावं कुठल्याही पुस्तकात नाहीत. कामाचा एक कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात येताच आजारानं वारला. तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिनं ते कंत्राट स्वतःकडे घेतलं आणि काम पुढे चालू ठेवलं. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी धावली. दोन वर्षांनी, १८६५ मध्ये, कसाऱ्याजवळच्या थळघाटातूनही गाडी वर गेली.

घाटातून वाट काढायची म्हणजे डोंगराची माहिती हवी. ती कुणाला असणार? तिथे गुरं-मेंढरं चारणाऱ्याला! शिंगरोबा नावाच्या धनगरानं इंग्रज साहेबाला घाटातली वाट दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला मरण मिळालं, अशी लोककथा या भागात सांगतात. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर घाटात शिंगरोबाचं देऊळ आहे. मोटारी तिथे क्षणभर थांबतात.

पण इंग्रजांना घाट फोडायची एवढी घाई का होती? एक कारण होतं सैन्याची ने-आण. दुसरं कारण होतं कापूस! सह्याद्रीच्या ज्या काळ्या खडकाची आपण ओळख करून घेतली, त्याचीच झीज होऊन देशावरची, खानदेश-वऱ्हाडची काळी माती तयार झाली. ही माती ओल धरून ठेवते, म्हणून तिथे कापूस पिकतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग भारतातल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. युद्ध संपलं तसे भाव कोसळले आणि कित्येक व्यापारी बुडाले.

पाहा बरं, लाव्हा कुठला, युद्ध कुठलं आणि दिवाळं कुणाचं! इतिहास आणि भूगोल वेगवेगळे वाचले असते, तर ही साखळी जुळली असती का?

गोष्ट चौथी : पाण्याला उलटं वळवलं

लोणावळ्याला पाऊस उदंड आणि खाली कोकणात उतरायला मोठा कडा. या दोन गोष्टी एकत्र पाहून जमशेटजी टाटांच्या मनात आलं, की हे पाणी वर साठवून नळांतून खाली सोडलं तर त्याच्या जोरावर वीज तयार होईल. ते १९०४ मध्ये वारले. पण त्यांची कल्पना पुढे साकार झाली. १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजकेंद्राची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली.

मग थोडं दक्षिणेला, मुळशीला, मुळा नदीवर धरण बांधायचं ठरलं. पण धरणाचं पाणी कुठे साठणार? नदीच्या खोऱ्यात. आणि खोऱ्यात काय होतं? मावळच्या शेतकऱ्यांची भातखाचरं, घरं, देवळं. डोंगराळ भागात सपाट, कसदार जमीन मिळते ती नदीकाठीच. तीच नेमकी बुडणार होती. १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांनी त्यांचं नेतृत्व केलं. याच लढ्यानं त्यांना ‘सेनापती’ ही पदवी दिली. बायाबापड्यांसकट लोक तुरुंगात गेले. तरीही धरण झालं. गावं पाण्याखाली गेली.

मुळेचं पाणी खरं तर पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे वाहणारं. धरणानंतर त्यातलं पुष्कळसं पाणी पश्चिमेला, कोकणातल्या भिरा वीजकेंद्राकडे वळवलं गेलं. नकाशातली निळी रेघ माणसानं बदलली! मुंबईत दिवे लागले, गिरण्या चालल्या. मुळशीत चुली विझल्या. या गोष्टीत बरोबर कोण आणि चूक कोण? एका वाक्यात उत्तर देऊ नका. घरी चर्चा करा. आजही कुठे धरण होतं, कुठे रस्ता रुंद होतो, तेव्हा हाच प्रश्न नव्यानं उभा राहतो. उद्या तुम्हीच मतदार होणार आहात. तेव्हा नकाशावरच्या रेघेखाली कुणाचं घर आहे, हे पाहायची सवय आतापासूनच हवी.

करून पाहा

१. तीन ट्रेसिंग पेपर घ्या. आपल्या जिल्ह्याचा नकाशा तिन्हींवर गिरवा. पहिल्यावर नद्या आणि डोंगर. दुसऱ्यावर किल्ले, लेणी, जुनी देवळं, जुन्या बाजारपेठा. तिसऱ्यावर रेल्वे, मोठे रस्ते, धरणं. आता तिन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरा. कशाच्या जवळ काय आहे? निदान पाच ‘का?’ वहीत लिहा.

२. सव्वादोन मीटर लांब सुतळी घ्या. एक सेंटिमीटर म्हणजे दहा वर्षं. एक टोक म्हणजे आजचा दिवस. तिथून मोजत मागे जा. मुळशीची गाठ दहा सेंटिमीटरवर येईल, बोरघाटाची सोळावर, उंबरखिंडीची छत्तीसवर. आणि नाणेघाटाची? थेट दोन मीटरच्या आसपास! भिंतीवर सुतळी लावा आणि तिच्याखाली नकाशा चिकटवा. झाला तुमचा ‘केव्हा-कुठे’ तक्ता.

३. आजी-आजोबांना विचारा : आपलं गाव इथेच का वसलं? पाण्यासाठी? वाटेसाठी? बाजारासाठी? आधी गाव दुसरीकडे होतं का? शहरात राहत असाल, तर आपल्या पेठेचं किंवा वाडीचं नाव कशावरून पडलं ते शोधा.

पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी

मूल इतिहासाचा अभ्यास करत असेल, तेव्हा सनावळ्या म्हणून घेण्याआधी एवढंच विचारा, “हे कुठे झालं? नकाशात दाखव बरं.” बोट नेमक्या जागी गेलं, की पुढचा प्रश्न मूल स्वतःच विचारेल. त्यासाठी महागडी पुस्तकं लागत नाहीत. एक नकाशा पुरे. पाठांतराला माझा विरोध नाही. सन माहीत हवेतच. पण अर्थ न कळता पाठ केलेलं उत्तर उत्तरपत्रिकेतच राहतं. मुलाबरोबर घरी येत नाही.

सहलीला किंवा गावाला जाताना मुलांना खिडकीची जागा द्या, आणि हातात नकाशा द्या. नदी ओलांडली की तिचं नाव, घाट लागला की त्याचं नाव. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढण्यासाठी कर्जतला जादा इंजिनं जोडतात. गाडी थांबते, म्हणून फलाटावर वडे विकणारे आले. कर्जतच्या वड्यामागेसुद्धा सह्याद्रीचा कडा उभा आहे!

मुलांनो, पुढच्या वेळी इतिहासाचा धडा उघडाल तेव्हा त्यातलं पहिलं गावाचं नाव दिसताच थांबा. नकाशा काढा. ते गाव शोधा. त्याच्या जवळून कुठली नदी जाते, मागे कुठला डोंगर आहे, समुद्र किती दूर आहे, ते पाहा. आणि मगच पुढचं वाक्य वाचा.